आत्याच्या चौपन्न कुंड्या

शनिवार, ३ मे

आज आठ महिन्यांनी मी पाय लांब करून झोपणार आहे. दादाच्या घरातला सोफा माझ्यापेक्षा वीतभर आखूड आहे, पण हे मी त्याला कधी बोलले नाही. घटस्फोट घेऊन आलेल्या बहिणीने सोफ्याची लांबी काढू नये. वहिनी बिचारी जीव लावते, फक्त तिचा मिक्सर सकाळी सहाला थेट माझ्या कानाशी सुरू होतो. म्हणून आत्याचा फोन आला, की आम्ही दोघं तीन आठवडे फिरायला जातोय, घरात राहून झाडांना पाणी घालशील का, तेव्हा तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून मोकळी झाले.

घर चौथ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि काचा लावून बंद केलेली ऐसपैस बाल्कनी. आणि कुंड्या चौपन्न! खिडक्यांत, कपाटावर, फ्रिजवर, न्हाणीघरात आरशाखाली, सगळीकडे. मनीप्लांट, नेचे, रबराचं झाड, कसल्याशा जाडजूड पानांच्या वेली. नावं आत्यालाही धड येत नाहीत.

बाल्कनीच्या मधोमध एक निळा टब आहे. त्यातून चौपन्न सुती दोऱ्या निघून घरभर गेल्यात आणि प्रत्येक दोरीचं दुसरं टोक एकेका कुंडीच्या मातीत खुपसलंय. दोरी टबातलं पाणी ओढते, माती ओली राहते. ही करामत आतोबांची, म्हणजे आत्याच्या यजमानांची. मी रोज टब भरायचा, बस्स.

निघताना आत्याने मला मिठी मारली. किती हलकी झालीये! हात तर वर्तमानपत्राच्या कागदासारखे. गाडीत बसता बसता म्हणाली, "झाडांची काळजी नको करूस गं, तू मात्र पाणी पीत जा भरपूर." बावीस वर्षांतली पहिली सुट्टी म्हणे त्यांची. आतोबा तर शिट्टी वाजवत होते.

हुश्श. घर माझं.

रविवार, ४ मे

दहापर्यंत लोळले. कुणी दार न ठोठावता तासभर अंघोळ केली. दोन उकडलेली अंडी आणि पाव, तेही उभ्याने, थेट पातेल्यातून. सुख म्हणजे हेच असावं.

टबात चार बादल्या पाणी गेलं. काल तो काठोकाठ भरलेला होता. उन्हाळा आहे, झाडं पिणारच.

एक मात्र घाण आहे. एका दोरीचं टोक मातीतून निसटलं होतं, ते परत खोचायला हातात धरलं तर बुळबुळीत. चिरलेल्या भेंडीला तार सुटते ना, तशी तार बोटांना आली आणि तुटेचना. साबणाने दोनदा हात धुतले. वास तरी राहिलाच, फुलदाणीतलं पाणी आठवडाभर बदललं नाही की येतो तसा.

मंगळवार, ६ मे

इथून कामावर चालत वीस मिनिटं लागतात. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून चौकटीत बसवते. दुकानाचे मालक गेली तीस वर्षं लोकांचे डोळे तपासतायत. आज माझी पाण्याची बाटली चौथ्यांदा भरताना पाहून म्हणाले, नव्या घरात नळ नाहीये का? हसले मी. पण तहान खरंच फार लागतेय.

घरात चिलटं झालीत. ती अन्नावर बसत नाहीत, डोळ्यांच्या कोपऱ्यांवर येतात. एक तर पापणीखालीच चिरडलं. शी.

संध्याकाळी बेसिन तुंबलं. जाळी काढली तर आत केसांचा बोळा दिसला, दोन बोटं घालून ओढला. केस नव्हते. मुळं होती. पांढरी, बारीक, शेवयांसारखी लिबलिबीत, आणि त्यांत जुन्या साबणाचा थर, टूथपेस्ट आणि कुणाची तरी नखं अडकलेली. ओढत गेले आणि ती येत गेली, कोपरापर्यंत लांब. शेवटचं टोक निघताना नळीतून डबक असा आवाज आला, ढेकर दिल्यासारखा. रात्रीचं जेवले नाही.

गुरुवार, ८ मे

आत्याला फोन केला. समुद्राचा आवाज येत होता. बेसिनचं सांगितलं तर ती हसली. म्हणाली, झाडं जुनी आहेत, पाणी असेल तिथे मुळं धाडतात. ओढू नकोस, तोडू तर मुळीच नकोस. मग आतोबांनी फोन घेतला आणि मी दिवसाला किती पाणी पिते ते विचारलं. टबाचं म्हणत असतील असं वाटून मी पाच बादल्या म्हणाले. ते म्हणाले, टबाचं नाही, तुझं. गंमतच आहे माणसाची.

सुट्टी होती म्हणून टब रिकामा करून घासायला घेतला. तळाशी उकळलेल्या दुधावरच्या सायीसारखं काहीतरी धरलं होतं. नखाने खरवडलं तर सबंध थर एका तुकड्यात सुटून मनगटाभोवती बसला. कोमट होता. गार पाण्याच्या तळाशी कोमट! झटकला तर भिंतीवर चिकटला आणि हळूहळू खाली घसरत गेला. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला. कागद लगेच भिजला.

शनिवार, १० मे

आज बुटकी आली होती. दादाची मुलगी, सात वर्षांची, नाव काही असलं तरी घरादाराची बुटकीच. मला आतू म्हणते. दादा-वहिनींना सिनेमाला जायचं होतं आणि मला तिच्यावाचून करमत नव्हतं. तिने सगळ्या कुंड्या मोजल्या, रबराच्या झाडाला टोपी घातली, आरशासमोर पानाची मिशी लावून नाचली. दुपारी आम्ही दोघी बाल्कनीच्या दाराशी गादी टाकून पडलो. मला डोळा लागला.

जाग आली ती कसल्याशा आवाजाने. चुटुक, चुटुक. बाळ दूध पिताना येतो तसा. बुटकी कुशीवर झोपली होती आणि एक दोरी कुंडीतून निघून तिच्या गालावरून तोंडात गेली होती. बोटभर तरी आत. मी ओढली तर दोरीबरोबर लाळेची लांब तार आली.

मी तिला रागावले, घाणेरड्या दोऱ्या काय चोखतेस म्हणून. ती डोळे चोळत म्हणाली, "मी नाही गं आतू. ती चोखत होती."

हसू आलं मला तेव्हा. पण तिचे ओठ भेगाळले होते, सकाळी नव्हते. सलग चार ग्लास पाणी प्यायली. संध्याकाळी दादा तिला घेऊन गेला.

सोमवार, १२ मे

इमारतीची टाकी साफ करायची म्हणून कालपासून पाणी बंद होतं. टब कोरडा खडखडीत. मी दुकानातून बाटल्या भरून आणल्या आणि सगळ्या एकटीने प्यायले, झाडांना थेंब घातला नाही.

आज सकाळी माती पाहिली. चौपन्नच्या चौपन्न कुंड्या ओल्या. दाबलं की पाणी वर येतंय.

वजन साडेतीन किलोने उतरलंय. दिवसभर पाणी पिऊन लघवीला एकदा गेले, तीही गडद. तळहाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते. साखर असेल म्हणून डॉक्टरांकडे गेले. साखर नाही. त्यांनी पाणी प्या म्हणून सांगितलं.

सकाळी दात घासताना तोंडात काहीतरी गिळगिळीत लागलं. थुंकले. पांढरा धागा. ब्रशचा असावा.

ब्रशचा नव्हता. ब्रश निळा आहे.

बुधवार, १४ मे

दोन दिवस डावा डोळा खुपत होता. मालकांनी स्वतःच मला हनुवटी टेकवून यंत्रापुढे बसवलं. आधी म्हणाले, डोळा कोरडा पडलाय, काचेवर काच घासावी तशी पापणी फिरतेय. मग भिंग बदलून पुन्हा पाहिलं. पापणीच्या नाकाकडच्या कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं, आसवं त्यातून नाकात उतरतात. तिथे काहीतरी पांढरं दिसतंय म्हणाले. बारीक चिमटा घेतला. हलू नकोस म्हणाले.

दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं. आत, गालाच्या हाडामागे, नाकाच्या मुळाशी, घशात, काहीतरी सरकत सरकत वर येताना मला कळत होतं. ओलं. मालक ओढत होते आणि ते येत होतं. चार बोटं, वीत. त्याला बारीक बारीक फाटे होते आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला थेंब. शेवटी तुटलं. उरलेलं आत झटकन मागे गेलं, तेही कळलं. नाकात फुलदाणीच्या पाण्याचा वास भरला. आतून येणारा. माझाच.

मालकांनी ते बशीत ठेवलं. ते बशीत हललं, पाण्याच्या ग्लासाकडे.

ते बाहेर जाऊन ओकून आले. तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांतला पू पाहिलेला माणूस. परत आले, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि हळू आवाजात म्हणाले, "हे तुझ्या डोळ्यातलं नाहीये, पोरी. हे तुझ्या डोळ्यात आलंय. आजच्या आज ते घर सोड."

गुरुवार, १५ मे

बॅग भरली. उद्या थेट हॉस्पिटलात जायचं मालकांशी ठरलं. किल्ली कुठे ठेवू ते विचारायला आत्याला फोन केला, आणि सांगायचं नव्हतं तरी डोळ्याचंही तोंडून गेलं.

ती ओरडली नाही. कुठला डोळा, एवढंच विचारलं. डावा म्हटलं.

"माझाही डावाच होता," आत्या म्हणाली.

मग रडायला लागली. हुंदके ऐकू येत होते, किती मोकळे! म्हणाली, इथे आल्यापासून रोज रडते बघ, नुसती गंमत म्हणून, बावीस वर्षांनी आसवं आलीत. म्हणाली, पहिल्या वर्षी आतोबांनी सगळ्या कुंड्या फेकून दिल्या होत्या. झाडं गेली, पण मुळं नळांतून शेजारच्या म्हातारीकडे निघाली, कारण ती कधीतरी चहाला येऊन या घरातल्या पेल्यातून पाणी प्यायली होती. म्हातारी आठवड्यात वाळून गेली. मग नव्या कुंड्या आणून मुळांना परत घरात घेतलं, आणि तेव्हापासून हे दोघं आळीपाळीने पाजतात. दोघांना कधी एकत्र बाहेर पडता आलं नाही. तीनच आठवडे गं, म्हणत होती, तू तरुण आहेस, तुला काही होणार नाही, तीनच आठवडे.

आत्याच्या मांडीवर मी लहानाची मोठी झाले. तिने माझ्या वेण्या घातल्यात. थुंकावंसं वाटत होतं आणि तोंडात थुंकीही नव्हती.

तिने नाक ओढलं आणि विचारलं, "तुझ्याशिवाय आणखी कुणाला चाखलंय का त्यांनी?"

मी फोन ठेवला.

शुक्रवार, १६ मे

वहिनीशी बोलले. बुटकी दोन दिवस सारखं पाणी पाणी करतेय. गुडघा फुटला तर भोकाड पसरलं, पण डोळ्यांतून टिपूस नाही. वहिनीला वाटलं सोंग करतेय. त्यांच्या न्हाणीघराच्या जाळीत काल पांढरे केस सापडले. वहिनी हसून म्हणाली, तुझा दादा म्हातारा झाला.

मी गेले तर ती सगळी तिकडे जाणार. आणि इथेच राहिले, पीत राहिले, तर दोन्हीकडून ओढत राहणार.

दुपारभर विचार केला. मग एकदम स्वच्छ दिसलं. टब मी आहे. टब कोरडा ठेवायचा. सगळी मुळं पाण्यासाठी माझ्याकडे वळतील आणि माझ्यात पाणी नसेल. आधी कोण वाळतं ते बघू.

मुख्य कॉक बंद केला. टब पालथा. फ्रिजमधलं दूध, भाज्या, सरबताची बाटली, सगळं खालच्या मजल्यावर देऊन आले. मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी वेडी आहेस का म्हटलं नाही, बशी त्यांनी पाहिलीये. रविवारी नऊला येतो म्हणाले, सलाइन घेऊन, डॉक्टरांना घेऊन, तोवर झाडं मेलेली असोत नसोत. आजच येत होते. मी बुटकीचं सांगितलं तेव्हा थांबले.

शेवटचा घोट चारला घेतला.

शनिवार, १७ मे

सकाळी — नेचे काळे पडले. स्वयंपाकघरातल्या वेलींची पानं मऊ होऊन गळतायत, पडताना पच्च आवाज. खाली हिरवट चिखल. वास इतका, की श्वास तोंडाने घेते, मग तो चवीला येतो. सडलेलं गोडसर.

जीभ टाळूला चिकटते. सोडवताना सालपट निघतं.

दोऱ्या हलतायत. दिवसाढवळ्या. टब पालथा बघून त्या परत वळल्या. मी खुर्ची खोलीच्या मधोमध आणून बसलेय, पाय वर घेऊन. काही उपयोग नाही. जी आत आहेत ती आतच आहेत. घशात चढउतार चाललाय. गालाच्या आत खरवडतायत, ताटात काही उरलं नाही की चाटावं तसं.

काही नाही. माझ्यात काही नाही. शोधा.

दुपारी — वहिनीचा फोन! बुटकीच्या हातून आवडता पेला फुटला आणि ती रडली. खरी खरी रडली, नाकाडोळ्यांतून धारा. मी वहिनीला म्हटलं, तिचे गाल ओले आहेत का, हात लावून बघ. वहिनी म्हणाली, बाई गं, काय झालंय काय तुला, चिंब आहेत! जाळीतले पांढरे केस पण वाळून कुरकुरीत झालेत म्हणे, झाडूने निघाले.

मलाही रडू आलं. आलं म्हणजे — तोंड वेडंवाकडं झालं फक्त.

संध्याकाळी — चौपन्नातल्या एकेचाळीस मेल्या. बोट लावून पाहिलं. माती दगड.

रविवार, १८ मे

उजाडलं. उठता येत नाही. पडल्या पडल्या लिहितेय, खुर्चीतून कधी पडले आठवत नाही.

रबराचं झाड गेलं. ते शेवटचं. उभंच आहे, पण खोड सुरकुतलंय, म्हाताऱ्या बोटासारखं. चौपन्न. झालं. जिंकले गं बुटके.

आठ वाजलेत. एक तास. किल्ली मुठीत धरलीये. मालक आले की दारापर्यंत सरपटत —

ऊन छान आहे. जरा डोळे मिटते.

—

ओठ ओले आहेत.

मी काही प्यायले नाही. कॉक बंद आहे. मी काही —

दोऱ्या सगळ्या इकडे आल्यात. हाताला, मानेला, तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांना. फुगल्यात. झाडं मेली नव्हतीच. पानं टाकली, खोडं टाकली, आणि होतं नव्हतं ते पाणी खाली मुळांत उतरवून ठेवलं. ते आता —

त्या ओढत नाहीयेत. घालतायत.

कोमट. दाट. सायीचे गोळे येतात मधून. त्यात माती आहे, चिलटं आहेत, माझंच काहीतरी आहे, खारट. दात आवळले तर नाकातून. जीव वाचवतायत माझा. मरू देणार नाहीत, मी मेले तर त्यांना कोण —

डोळ्यांत पाणी आलं. गालावरून ओघळलं. गाल पितोय. माझाच गाल —

बेल. मालक आले. ओरडून सांगायचंय आत येऊ नका, हात लावू नका कशाला, पण तोंड भरलंय. ओकायचंय, घसा ऐकत नाही, घटाघट, स्वतःहून. शी, शी — आणि बरं वाटतंय. किती दिवसांनी ओलं —

बेल परत. किल्ली माझ्या मुठीत नाही. किल्ली फरशीवरून सरकत चाललीये, दाराच्या फटीकडे, दोरीच्या टोकाला. ती बाहेर देतायत त्यांना, ती त्यांना आत